साधी गाठ

"गाठ साधी आहे," डॉक्टर म्हणाले.
मी मसाला मार्केटातली बाई, गोण्यांमधली,
मला गाठी दोनच माहीत:
सुरगाठ, टोक ओढलं की सुटते,
आणि निरगाठ, तिला दात लावावे लागतात.
साधी यातली कुठली?

साडेसहा तास लागले सोडवायला.
थोडी ठेवली,
डोळ्याच्या नसेला बिलगलेली. वाटाण्याएवढी.
मी विचारलं, हिरवा की सुका?
ते हसले नाहीत. मग म्हणाले, सुका.

त्या सुक्या वाटाण्याला तीस शेक.

नणंद म्हणाली, कॅन्सर नाही ना, मग शेक कशाला?
म्हटलं, अख्ख्या वखारीत उंदीर एकच राहिला
म्हणून कुणी पिंजरा उचलून ठेवतं का?
ती गप्प झाली. मीही झाले.
उत्तर बरं होतं, पण रात्री पुरलं नाही.

जाळी केली त्या दिवशी
गरम पाण्यातून पांढरं पान काढलं,
घावनासारखं, भोकाभोकांचं, पाणी गळतं,
आणि चेहऱ्यावर थापलं.
माझं नाक माझ्याच नाकावर वाळलं.
कपाळावर पट्टी: निवेदिता शेलार, डावी बाजू.

खारघर, सकाळी सात वीस.
जिना उतरला की डोंगर डोक्यावर,
चहाची टपरी डोक्यावर, रिक्षांची रांगही.
जुईली मढवी, बेलपाड्याची, जाळीची कुलपं लावते,
टक, टक, टक.
"हलायचं नाही हं मावशी,"
आणि सगळे पळतात.
जाड दार सावकाश लागतं.
शेक म्हणतात, पण ऊब काही नाही.

डोळे मिटलेले असताना निळं दिसतं.
आणि वास येतो.

बावीस वर्षं मी नाकावर पगार घेतला.
लॉट उघडायच्या आधी सांगते, मिरी कुठली, किती जुनी.
हा वास मला लावता येईना.
जुईली म्हणाली, येतो काहींना,
मशीनला वास नसतो मावशी, तो तुमच्या आतच.
आत? आत कुणी भरला हा माल?

दहा वाजता तुर्भ्याला, डोक्याला रुमाल.
दगडफूल हुंगलं, नागकेशर, तिरफळ,
जायपत्रीची गोणी तर तळापर्यंत.
नाही.
जवळ येत होता तो नवा झेरॉक्स कागद,
मशीनमधून गरम निघालेला,
पण त्यात निळं नव्हतं.

ओजस सात वर्षांचा. माझ्या आधीचा नंबर.
त्याच्या जाळीवर वाघ रंगवलाय, मिशांसकट.
"तुमची कोण आहे?"
म्हटलं, कारकून.
त्यानं नीट पाहिलं, मान हलवली.
"चष्मा काढा तिला."
विसाव्या दिवशी जुईलीनं स्केचपेननं काढला.

त्याच आठवड्यात केस गेले,
कानाच्या वर, चौकोनी,
भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर राहतो तसा डाग.

तातोबा दाभणात सुतळी ओवून गोण शिवत होते.
शेवटी टोक चार बोटं मोकळं सोडलं.
"कापत का नाही?"
"शेवट सोडायचाच असतो बाई.
उद्या उघडायला लागली तर?"
मला एकदम राग आला. कुणाचा, ते कळलं नाही.
चहा न पिता उठले.

तीस झाले.
जाळी घरी दिली, पिशवीत घालून.
कोपरखैरण्याला माळ्यावर आहे, पाटा-वरवंट्याशेजारी.
सहा महिन्यांनी फोटो, मग वर्षानं, मग बघू.
वाटाणा आहे तिथेच. मोठा नाही.
बाकी शून्य होणार नाही असं म्हणाले,
पुढच्या पानावर ओढायची.
ते मला येतं.

आज लालजीशेठनं मूठ पुढे केली,
"बेन, आंख बंद करून बोला."
मिटले.
आधी निळं आलं.
थांबले.
मग त्याच्या मागून, सावकाश,
मिरी.
वायनाडची. गेल्या साली भिजलेली.
"परत पाठवा," म्हटलं.